नाकाबंदीत गाडी अडवली तर: पोलिस काय मागू शकतात, काय घेऊ शकतात आणि आपण कोणता कागद मागायचा

गाडी साइडला घ्या म्हणून हात झाला की बहुतेक लोकांचं दोनपैकी एक होतं. एकतर घाम फुटतो आणि साहेब जे म्हणतील ते करून, देऊन मोकळे होतात, नाहीतर व्हॉट्सअॅपवर कधीतरी आलेला मेसेज आठवतो आणि तिथेच हुज्जत सुरू, की तुम्हाला हा अधिकारच नाही, तुम्ही हवालदार आहात, वगैरे वगैरे. दोन्हीत नुकसान आपलंच होतं. म्हणून कायद्यात खरंच काय लिहिलंय ते जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगतो, कारण मला मनापासून वाटतं की ही माहिती लायसन्सबरोबरच प्रत्येकाच्या हातात पडायला हवी होती.

आधी मुळातली गोष्ट. रस्त्यावर पोलिस तुमच्यावर आरोप करतात, तुम्ही दोषी आहात की नाही हे ठरवायचं काम कोर्टाचं आहे. चलान म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २०० मध्ये जागेवर दंड भरून विषय मिटवायची सोय आहे, तिला तडजोड म्हणतात, आणि तडजोड तुम्ही मान्य केली तरच होते. मान्य नसेल तर प्रकरण कोर्टात जातं, तिथे तुमची बाजू मांडता येते. हे एकदा डोक्यात बसलं की रस्त्यावर आवाज चढवायची गरजच उरत नाही, कारण तिथे जिंकायचं काही नसतंच. तिथे फक्त कागद नीट घ्यायचा आणि बाकीचं नंतर लेखी करायचं.

थांबायचं मात्र प्रत्येक वेळी, त्यात चर्चा नाही. वर्दीतल्या पोलिसाने इशारा केला आणि तुम्ही गाडी दामटली तर तो वेगळा गुन्हा होतो, कलम १७९ खाली २००० रुपये दंड आहे, आणि वर कुणाला धक्का लागला तर प्रकरण फार पुढे जातं. आणि नाकाबंदी म्हणजे लोकांना छळायला लावलेली असते असं जे सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीला नाकाबंदी होती म्हणूनच ती स्कोडा अडली, आणि हातात फक्त लाठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. बॅरिकेडच्या पलीकडे उभा असलेला माणूस पुढच्या गाडीत काय आहे हे माहीत नसताना हात दाखवतो, एवढं लक्षात ठेवून काच खाली करायची, इंजिन बंद करायचं, रात्र असेल तर आतला लाइट लावायचा.

आता कोण काय मागू शकतं. कलम १३० म्हणतं की वर्दीतल्या कुठल्याही पोलिस अधिकाऱ्याने मागितलं तर लायसन्स दाखवावं लागतं. इथे हुद्द्याची अट नाही, त्यामुळे "तुम्ही कॉन्स्टेबल आहात, तुम्हाला लायसन्स दाखवणार नाही" हे चुकीचं आहे. हुद्द्याचा प्रश्न येतो तो तडजोडीचा दंड घेताना, तो कुणी घ्यायचा आणि किती घ्यायचा हे राज्य सरकार अधिसूचना काढून ठरवतं, महाराष्ट्रात नवीन रकमा डिसेंबर २०२१ पासून लागू झाल्या. साध्या कपड्यातला माणूस मागत असेल तर आधी ओळखपत्र बघायला मागा, त्यात उद्धटपणा काही नाही. आणि ट्रॅफिक वॉर्डन किंवा होमगार्ड मदतीला असतात, गाड्या पुढेमागे करायला सांगतात, ते ऐकायचंच, पण लायसन्स काढून घेणं किंवा दंड करणं त्यांचं काम नाही.

कागदपत्रांचा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या नियम १३९ मध्ये नोव्हेंबर २०१८ पासून स्पष्ट आहे की आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन्स हे सगळं कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवलं तरी चालतं. म्हणजे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपमध्ये असलेलं लायसन्स हे लायसन्सच आहे. पण गॅलरीत लायसन्सचा फोटो काढून ठेवलाय, तो म्हणजे डिजिलॉकर नव्हे! तो नुसता फोटो आहे आणि पोलिसाने तो नाकारला तर त्याचं चुकत नाही, इथे बरेच जण फसतात. घाटात किंवा गावाकडे रेंज नसते, तेव्हा निघायच्या आधीच अॅप उघडून कागद डाउनलोड करून ठेवलेले बरे. पुढे १ ऑक्टोबर २०२० पासून असंही आलं की अधिकाऱ्याने तुमची माहिती पोर्टलवर तपासून ती बरोबर निघाली, तर त्याने वर परत कागदी प्रत मागायची नाही.

समजा काहीच जवळ नाहीये, पाकीट घरी, फोन बंद. तरी लायसन्स "नसणं" आणि "जवळ नसणं" या कायद्यात अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. लायसन्स काढलेलंच नाही आणि गाडी चालवताय, तर कलम १८१, ५००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. काढलंय पण घरी राहिलंय, तर नियम १३९ प्रमाणे ते १५ दिवसांत त्या अधिकाऱ्याकडे सादर करायची मुभा आहे. म्हणून पावतीवर कलम कुठलं टाकलंय ते वाचा. "साहेब, लायसन्स आहे, घरी राहिलंय, नंबर टाकून बघा ना मशीनवर" एवढं शांतपणे म्हटलं तरी बहुतेक वेळा काम होतं, कारण त्यांच्या हातातल्या ई-चलान मशीनवर ते दिसतं.

आता चावीचं बघू. माझा मावसभाऊ बाइकवर होता, सिग्नलच्या पुढे अडवलं, आणि तो काही बोलायच्या आत एकाने हात घालून चावी काढली आणि खिशात टाकली. म्हणाले, साहेब येईपर्यंत थांब. दहावी-बारावीच्या पोराला दरडावावं तसं. हा तीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप. मोटार वाहन कायद्यात चावी काढून घ्यायचं कलम नाही, तसंच टायरची हवा सोडायचंही नाही. कायद्यात आहे ते गाडी ताब्यात घेणं, कलम २०७, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत: लायसन्स नसताना चालवणं, वय कमी असणं, रजिस्ट्रेशन नसणं, व्यावसायिक गाडीला परमिट नसणं किंवा परमिटच्या अटी मोडणं. जुनं चलान थकलंय हे कारण त्या यादीत नाही. त्यामुळे चावी गेली तर ओढाओढी करायची नाही, मुठीतून चावी खेचणं म्हणजे उद्या तुमच्यावरच अंगावर धावून गेल्याचा गुन्हा, एकच वाक्य म्हणायचं, "साहेब, गाडी ताब्यात घेताय का? घेत असाल तर कुठल्या कलमाखाली ते लिहून द्या." मावसभावाने हेच म्हटलं आणि चावी परत मिळाली, हेल्मेटचं चलान तेवढं झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं कारण हेल्मेट आरशाला लटकवलेलं होतं.

लायसन्स घेण्याचं जरा किचकट आहे, नीट वाचा. कलम २०६ प्रमाणे पोलिस लायसन्स जप्त करू शकतात जर ते बनावट वाटलं किंवा तुम्ही समन्स टाळून पळून जाल असं त्यांना वाटलं. पळून जाल या संशयावरून घेतलं असेल तर ते तात्पुरती पोच देतात आणि त्या पोचवर तुम्ही मुदत असेपर्यंत गाडी चालवू शकता. पण २०१९ च्या दुरुस्तीने याच कलमात चौथं पोटकलम घातलं. ओव्हरस्पीडिंग, धोकादायक ड्रायव्हिंग (मोबाइल हातात धरून चालवणं यातच येतं), दारू पिऊन चालवणं, शर्यत लावणं, असुरक्षित गाडी, ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं, अॅम्ब्युलन्सला वाट न देणं, यातलं काही असेल तर लायसन्स जप्त करून ते निलंबनाच्या कारवाईसाठी आरटीओकडे पाठवायचं. आणि या जप्तीची पोच मिळते खरी, पण तिच्यावर गाडी चालवता येत नाही! बऱ्याच जणांना हा फरक माहीत नसतो आणि ते पोच खिशात घालून आठवडाभर फिरतात. दोन्ही प्रकारांत पोच हा तुमचा हक्क आहे, पोच न देता लायसन्स खिशात घालून कुणी "चौकीला ये मग बघू" म्हणत असेल तर तिथेच थांबून पोच मागा, नाव आणि बकल नंबर (पोलिसाचा वर्दीवरचा नंबर) लिहून घ्या.

दारूच्या तपासणीवर थोडं सविस्तर बोलतो कारण ३१ डिसेंबर, होळी, गटारी आली की सगळे प्रश्न यावरच येतात. मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, त्याच्या वर गेलं की कलम १८५. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे जागेवर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं, त्यामुळे कुणी "इथेच मिटवून टाकू" म्हणत असेल तर ते पैसे सरकारच्या खात्यात जाणार नाहीयेत हे ओळखा. कलम २०३ प्रमाणे वर्दीतल्या पोलिसाला तुमच्यावर तसा संशय यायला वाजवी कारण असेल तर तो मशीनमध्ये फुंकायला सांगू शकतो. नकार देऊ नका. नकार दिला आणि त्याला संशय असेल तर त्याच कलमाखाली वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, म्हणजे नकाराने सुटका होत नाही, उलट अडकायला होतं. पण नवीन नळी लावा म्हणून सांगा, आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, प्रिंट मागा. नुकतंच माउथवॉश केलंय किंवा खोकल्याचं औषध घेतलंय तर ते आधीच सांगा आणि थोडं थांबून परत टेस्ट घ्यायची विनंती करा, कायद्यातच एक किंवा जास्त नमुने असे शब्द आहेत.

याच्या पुढचा मुद्दा फार कमी लोकांना माहीत असतो. कलम १८५ खाली अटक झाली तर कलम २०२ प्रमाणे दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाही झाली तर सोडून द्यावं लागतं. ही अट आरोपीच्या भल्याची वाटते पण खरं तर ती सगळ्यांच्याच भल्याची आहे, कारण रक्तातलं अल्कोहोल तासागणिक कमी होत जातं आणि उशिरा घेतलेला नमुना कुणालाच खरं सांगत नाही. पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण जीव गेले, चालवणारा अल्पवयीन होता, आणि नंतर ससूनमध्ये रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. नमुना वेळेत, नीट सील करून, नोंद ठेवून घेणं किती महत्त्वाचं हे त्या एका केसने सगळ्या महाराष्ट्राला दिसलं. महिलेचा रक्ताचा नमुना पुरुष डॉक्टर घेत असेल तर शेजारी दुसरी महिला हजर हवी, हेही कलम २०४ मध्ये लिहिलंय. आणि अल्पवयीन पोराच्या हातात चावी देणाऱ्या आईबापांसाठी कलम १९९अ आहे: पालकांना किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

अटक झालीच तर ती कुठल्या कारणासाठी हे लगेच सांगावं लागतं, घरच्यांना किंवा मित्राला कळवावं लागतं, वकील गाठू द्यावा लागतो, आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. हे संविधानाच्या कलम २२ मध्ये, सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालात आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसायला हवं आणि अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने व्हायला हवा. पहिल्या वेळचा ड्रंक अँड ड्राइव्हचा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी महिलेला अटक करायची नाही, अगदीच अपवादाची परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी रिपोर्ट करून मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची.

डिकी उघडा म्हणाले तर? नाकाबंदी संशयितांसाठी लावलेली असते तेव्हा तपासणी होतेच आणि माझं मत विचाराल तर उघडून दाखवावी, पण स्वतः खाली उतरून, समोर उभं राहून, सामानावर नजर ठेवून. रीतसर झडती आणि जप्ती असेल तर नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे तिचं व्हिडिओ रेकॉर्डिंग व्हायला हवं आणि जप्त केलेल्या वस्तूंची यादी करून त्यावर साक्षीदारांच्या सह्या घ्यायला हव्यात. महिलेची अंगझडती फक्त महिलाच घेणार. अमली पदार्थाच्या संशयावरून तुमच्या अंगाची झडती घ्यायची असेल तर एनडीपीएस कायद्याच्या कलम ५० प्रमाणे "मला राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा मॅजिस्ट्रेटपुढे न्या" असं म्हणायचा हक्क आहे आणि तो हक्क आहे हे पोलिसांनीच तुम्हाला सांगायचं असतं. हे फक्त अंगझडतीला लागू, बॅग आणि गाडीला नाही.

फोनचं वेगळं आहे. फोन अनलॉक करून दे, व्हॉट्सअॅप दाखव, गॅलरी दाखव, असं काही मोटार वाहन कायद्यात नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, त्यामुळे रस्त्यावर सहज म्हणून कुणाचे चॅट चाळायचे नाहीत. डिजिलॉकर दाखवताना फोन आपल्याच हातात धरा, फक्त स्क्रीन पुढे करा. व्हिडिओ काढायचा का, तर सार्वजनिक ठिकाणी पोलिसांचं रेकॉर्डिंग करायला सरसकट बंदी नाही, २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तर पोलिस स्टेशनसुद्धा सरकारी गुपितांच्या कायद्यातलं (ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट) "प्रतिबंधित ठिकाण" नाही असं म्हटलंय. पण कॅमेरा त्यांच्या तोंडात घालायचा नाही, कामात अडथळा आणला म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम २२१ लागू शकतं, आणि हात लावलात तर कलम १३२, जुन्या लोकांना जे ३५३ म्हणून माहीत आहे, ते अजामीनपात्र आहे.

कोकणातून किंवा कोल्हापूरकडून गोव्याला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एमएच पासिंगची गाडी सुट्टीला गोव्यात नेली म्हणून काही गुन्हा होत नाही, दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तरच नवीन नंबर घ्यायचा प्रश्न येतो, कलम ४७. आणि येताना बाटल्या आणत असाल तर बांद्याजवळ इन्सुलीला जो चेक नाका आहे तिथे उत्पादन शुल्कवाले गाडी तपासतात आणि तो अधिकार त्यांना महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ ने दिलाय. महाराष्ट्रात दारू आणायला महाराष्ट्राचा परवाना लागतो, गोव्यातल्या दुकानदाराने "काही होत नाही हो" म्हटल्याने तो मिळत नाही, आणि अशा केसमध्ये बाटल्यांबरोबर गाडीही जप्त होते.

घरबसल्या येणाऱ्या ई-चलानवर मात्र सगळ्यात जास्त लोक गप्प बसतात, ते मला बघवत नाही. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यासाठी नियम १६७अ आहे, ऑगस्ट २०२१ चा. नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायला हवी, फोटोत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसायला हवी, तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम असायला हवं, आणि कॅमेरा लावलाय याचा बोर्ड त्या पट्ट्याच्या आधी हवा. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करायचं नाही असा आदेशही राज्यात २०२५ मध्ये निघाला, वाहतूकदारांच्या आंदोलनानंतर. दुसऱ्याच गाडीचा फोटो आहे, गाडी त्या दिवशी गॅरेजमध्ये होती, नंबर एका अक्षराने चुकलाय, असं असेल तर दंड भरू नका, भरलात म्हणजे मान्य केलंत. महाट्रॅफिक अॅपवर तक्रार टाका, फोटो जोडा. तिथे नाही ऐकलं तर कोर्टात बाजू मांडा. लोकअदालतीत दंड कमी होऊन विषय मिटतो हे खरं आहे, पण ती तडजोड आहे, गुन्हा केलाच नसेल तर तिथे जाऊन अर्धे पैसे तरी का भरायचे.

चिरीमिरीचं सरळ सांगतो. २०१८ पासून लाच देणंही गुन्हा आहे. पण तुमच्याकडून जबरदस्तीने घेतली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केलीत तर कायदा तुम्हाला संरक्षण देतो, आणि अजून दिली नसेल, नुसती मागणी झाली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. पावतीशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही, आणि हातात आलेल्या पावतीवर गाडी नंबर, कलम, रक्कम आणि अधिकाऱ्याचं नाव आहे का ते तिथेच बघायचं. वर्दीतल्या माणसाने स्वतः हेल्मेट न घालता किंवा सिग्नल तोडून नियम मोडला तर कलम २१०ब प्रमाणे त्याला दुप्पट दंड आहे, तोही तक्रारीतच लिहायचा, तोंडावर फेकायचा नाही.

वागणूक वाईट असेल, शिवीगाळ झाली असेल, तर त्याच दिवशी लिहून काढा: तारीख, वेळ, नक्की कुठला चौक, नाव, बकल नंबर, पोलिस गाडीचा नंबर, काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत, सोबत कोण होतं. हा अर्ज वाहतूक शाखेच्या डीसीपींना किंवा जिल्ह्यात असाल तर एसपींना द्या, दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.